पावलाचे शास्त्र आणि पादत्राणाचा पेशा

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेड्यात एखाद्या बारावी झालेल्या मुलाला वा मुलीला पुढे काय व्हावयाचे आहे असे विचारले, तर पोलीसभरती, शिक्षकाची नोकरी, परिचारिकेचा अभ्यासक्रम, वनखात्यातील वनरक्षकाची जागा अशी चार-सहा ठराविक उत्तरे येतात. आणि ती तशी यावीत यात नवल नाही, कारण जे पेशे डोळ्यांसमोर वावरतात त्यांचीच मनुष्य इच्छा करू शकतो. पादत्राणांचा रचनाकार, ज्याला आजच्या बोलीत फुटवेअर डिझायनर म्हणतात, हा इसम या मुलखात सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. चप्पल जवळच्या वडसा शहरातल्या दुकानातून किंवा आठवडी बाजारातून येते, दुकानदाराकडे ती ठोक व्यापाऱ्याकडून येते, आणि त्यापलीकडे कोणीतरी मेजाशी बसून तिचा तळ इतकाच जाड का, तिचा पट्टा नेमका तेथेच का, हे ठरविलेले असते, ही गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही. हा पेशा म्हणजे काय, तो कोठे शिकावयास मिळतो आणि तो करणाऱ्याच्या अंगी कोणती विद्या असावी लागते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर माझे एक ठाम मतही येथे मांडावयाचे आहे: या पेशाचे जे मूळ द्रव्य, म्हणजे पाऊल आणि जमीन यांचा परस्परसंबंध, त्याचे ज्ञान कुरखेड्याच्या विद्यार्थ्यापाशी मिलानच्या विद्यार्थ्यापेक्षा कमी नाही, किंबहुना काही बाबतींत ते अधिक आहे.

मानवी पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात, आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या स्नायूंची व अस्थिबंधांची संख्या शंभराहून अधिक आहे. चालताना टाच प्रथम भूमीला टेकते, मग शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, पुढच्या चवड्यावर येऊन पसरतो आणि अखेरीस अंगठ्याच्या जोरावर पाऊल उचलले जाते. या एका क्रियेत पाऊल किंचित लांब होते, चवड्यापाशी रुंद होते, त्याची कमान दबते आणि पुन्हा उचलून येते. ज्याला पादत्राण घडवावयाचे आहे त्याला अशा क्षणोक्षणी आकार बदलणाऱ्या वस्तूसाठी आवरण करावयाचे असते. आणि म्हणूनच सुंदर चित्र काढता येणे ही या पेशाची एक पायरी असली तरी ती पहिलीही नव्हे व सर्वांत महत्त्वाचीही नव्हे. इटलीचा साल्वातोरे फेरागामो हा विसाव्या शतकातला अत्यंत कीर्तिमान पादत्राणकार. 1898 साली एका गरीब खेडुताच्या घरी जन्मलेला, लहानपणीच जोडे शिवावयास शिकलेला आणि पुढे अमेरिकेत चित्रपटनटींचे जोडे करून नावारूपाला आलेला हा मनुष्य, आपले सुंदर जोडे पायाला लागतात का, या एका प्रश्नाने अस्वस्थ होऊन लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकावयास गेला. उभ्या मनुष्याचा भार पावलाच्या कमानीवर कसा उतरतो हे त्याने तेथे जाणून घेतले आणि त्या ज्ञानावर आपली सारी कारागिरी पुन्हा उभी केली.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे कलबूत. लाकडाचा, अलीकडे कठीण प्लॅस्टिकचा केलेला हा पावलाचा ठोकळा, कारखान्यातले लोक ज्याला लास्ट किंवा फर्मा म्हणतात, तो पावलाची हुबेहूब प्रतिकृती असतो अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो पावलाची प्रतिकृती नसून पाऊल आणि जोडा यांच्यामधला करार आहे. बोटांच्या पुढे किती मोकळी जागा सोडावयाची, बोटांकडचा भाग भुईपासून किती उचललेला ठेवावयाचा म्हणजे चालताना ठेच लागणार नाही, टाच किती उंच घ्यावयाची, चवड्याचा घेर किती आवळावयाचा, ही सारी कलमे त्या ठोकळ्याच्या वळणांत लिहिलेली असतात, आणि त्यांत दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तर पुढचे सारे शिवणकाम, सारी रंगसंगती व्यर्थ जाते. शिकणाऱ्याला जे पहिले खरे हुन्नर अवगत करावे लागते ते असे: कलबुतावर कागदी चिकटपट्टीचे तुकडे आडवे-तिरपे, एकावर एक, कोठेही सुरकुती न पडेल असे चिकटवून त्याला संपूर्ण मढवावयाचे, मग त्या मढवलेल्या पृष्ठावर शिसपेन्सिलीने टाचेची मध्यरेषा, चवड्याची रेषा, पट्ट्यांच्या जागा आखावयाच्या, आणि शेवटी धारदार पात्याने मध्यरेषेवरून ते आवरण कापून हलक्या हाताने सोलून सपाट पुठ्ठ्यावर पसरावयाचे. गोल वस्तूचे आवरण सपाट करताना ते कोठेतरी ताणले जाते, कोठेतरी दुमडते. ते कोठे दुमडू द्यावयाचे आणि कोठे खाच देऊन सोडवावयाचे, हा निर्णय हातालाच समजावा लागतो. संगणकावर आज हेच काम त्रिमितीय चित्रांच्या साहाय्याने पाहता पाहता होते. परंतु ज्याच्या हाताने ती पट्टी कधी सोललेली नाही त्याला पडद्यावरची रेषा चुकली तर ती का चुकली हे उमगणार नाही, असे या विद्येचे जुने मास्तर सांगतात, आणि मला ते पटते.

मापांची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. आपण दुकानात सात नंबर, आठ नंबर म्हणून जे मागतो ती इंग्रजी पद्धत; तीत एका नंबराचे अंतर इंचाचा एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. युरोपातील पॅरिस पद्धतीत ते अंतर सेंटिमीटरचे दोन-तृतीयांश धरतात. पण लांबीच्या या हिशेबात रुंदीचे काय, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून तसाच राहिला होता. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने, जी 1948 साली स्थापन झाली, डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या अवधीत देशातील 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय यंत्राने मोजणी केली. तीत मुलींच्या पावलांची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचते असे दिसून आले, आणि भारतीय पाऊल युरोपीय वा अमेरिकन पावलापेक्षा अधिक रुंद असते ही गोष्टही आकड्यांनी सिद्ध झाली. या मोजणीच्या आधारे 'भ' या नावाची स्वतंत्र भारतीय मापनपद्धती सुचविण्यात आली आहे. अरुंद जोड्यात रुंद पाऊल कोंबल्याने करंगळीवर कुरूप पडणे, चवड्यापाशी चामडे उसवणे आणि मग तोच जोडा एक नंबर मोठा घेऊन टाचेत ढिला ठेवणे, हा जो आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता, तो आपल्या पायांचा दोष नसून मापाच्या तजविजीचा दोष होता. जन्मापासून बहुतेक अनवाणी चाललेल्या पावलाची बोटे तर आणखीच पसरलेली असतात. कुरखेडा, कोरची, धानोरा या तालुक्यांतील गोंड शेतकऱ्याच्या पायाची ठेवण ज्याने लहानपणापासून पाहिली आहे, त्याला रुंदीचा हा धडा मोजणीच्या आकड्यांतून शिकावा लागणार नाही.

पाऊल झाले, आता जमीन. झाडीपट्टीच्या या भागातले मुख्य पीक धान. पावसाळा लागला की बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलणी होते आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून रोवणी सुरू झाली की बायाबापड्या सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पोटरीएवढ्या चिखलात वाकून उभ्या राहतात, अनवाणी. चप्पल धुऱ्यावर काढून ठेवलेली असते, कारण ती चिखलात घालून चालताच येत नाही. आणि का येत नाही याचे कारण शुद्ध पदार्थविज्ञानाचे आहे. सपाट, रुंद तळ चिखलात रुतला की त्याच्या कडांभोवती चिखल घट्ट बसतो, पाऊल उचलताना तळाखाली हवा शिरावयास वाट मिळत नाही, तेथे निर्वात निर्माण होतो, वरच्या हवेचा दाब तळाला खाली धरून ठेवतो, आणि टाच मोकळी असलेल्या चपलेत ओढ सगळी अंगठ्याजवळच्या एका बंदावर पडून तो बंद भोकातून निसटून येतो. ज्याने कोणी ही चप्पल रेखाटली त्याच्या नजरेसमोर स्नानगृह होते, घराचे अंगण होते, फार तर डांबरी सडक होती, बांधी नव्हती. याचा परिणाम रोवणीच्या दिवसांत घरोघर दिसतो: बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, आग होते, रात्री तेल-हळद लावून निजावे लागते आणि सकाळी पुन्हा तोच चिखल.

या प्रश्नाकडे जगात अन्यत्र कोणी पाहिले नाही काय? पाहिले आहे. जपानातील शिझुओका शहराजवळ तोरो येथे जे प्राचीन ग्राम उत्खननात सापडले, तेथे भातखाचरांत वापरावयाच्या लाकडी फळ्यांची पादत्राणे मिळाली. पाय चिखलात खोल रुतू नये म्हणून पायाखाली बांधण्याची ती योजना, आजपासून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्याच देशात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, पुढे ब्रिजस्टोन या टायर कंपनीची स्थापना करणाऱ्या इशिबाशी शोजिरो यांच्या घराण्याच्या कारखान्याने कापडी मोज्यासारख्या, अंगठा वेगळा असलेल्या जोड्याला रबराचा तळ चिकटवून मजुरांसाठी व शेतकऱ्यांसाठी पादत्राण बाजारात आणले. आणि भातलावणीसाठी तेथे आज जे लांब बूट मिळतात ते पातळ रबराचे, पायाला चिकटून बसणारे, घोट्यापाशी आवळावयाचे असतात. कारण चिखलातून निघताना निसटू नये याची सारी युक्ती तळात नसून घोट्यापाशी आहे, हे त्यांच्या रचनाकारांनी ओळखले. ते बूट आपल्याकडे जसेच्या तसे आणून भागणार नाही. आपल्या आषाढातला उकाडा, मजुरीवर राबणाऱ्या बाईची ऐपत आणि तिच्या पसरलेल्या चवड्याची रुंदी ही तीन बंधने मान्य करून जो कोणी नवी रचना करील, त्याने या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराचे काम केले असे होईल.

पाऊस सरला की जमीन बदलते आणि प्रश्नही बदलतात. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडावयास जंगलात जाणाऱ्याला तापलेली भुई, छाटलेल्या बांबूचे टोकदार खुंट आणि पाचोळ्याखालचा सर्प यांच्याशी गाठ असते. सर्पदंशाने भारतात 2000 ते 2019 या दोन दशकांत सुमारे 12 लाख माणसे मेली, असा एका विस्तृत अभ्यासाचा अंदाज आहे. शेतात होणाऱ्या दंशांपैकी फार मोठा भाग पावलावर, घोट्यावर आणि पोटरीवर होतो. ब्रह्मदेशात याच कारणाने शेतकऱ्यांना हलके संरक्षक बूट देऊन ते त्यांच्या पसंतीस उतरतात की नाही याची पाहणी करण्यात आली होती. ओलसर मातीतील अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पावलाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि आतड्यात बसून रक्त शोषते. ज्या मुलखात रक्तक्षय आधीच फार, तेथे साधी चप्पल ही औषधाइतकीच मोलाची वस्तू ठरते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी या कृमीविरुद्ध रॉकफेलर यांच्या देणगीतून जी मोठी मोहीम झाली, तीत औषध व शौचकूप यांच्या जोडीला पायांत जोडे घालण्याचा प्रचारही होता.

परंतु या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीत पादत्राणाच्या रचनेचा सर्वांत गंभीर धडा आहे तो कुष्ठरोगाचा. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवनाचा पाया घातला, तो याच व्याधीने समाजातून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसांसाठी. आणि आजही महाराष्ट्रात या रोगाचे प्रमाण ज्या जिल्ह्यांत अधिक आहे त्यांत हे दोन जिल्हे आहेत. कुष्ठरोगाने बोटे झडतात अशी जी जुनी समजूत होती, तिचा निरास करण्यात मोठा वाटा वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड या शस्त्रवैद्याचा. रोग मज्जातंतू निकामी करतो, त्यामुळे पायाची वेदना नाहीशी होते. वेदना नाही म्हणून काटा रुतला, खडा घासला, खिळा टोचला तरी मनुष्य त्याच पायाने चालत राहतो, आणि त्या न कळलेल्या जखमा पायाला हळूहळू खाऊन टाकतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. म्हणजे प्रश्न जितका वैद्याचा तितकाच जोडे करणाऱ्याचाही झाला.

त्यातून जी चप्पल सिद्ध झाली ती एम. सी. आर. (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल या नावाने सरकारी दवाखान्यांतून आजही दिली जाते. तिला हातात घेऊन पाहावे. पायाला लागणारा थर सूक्ष्म पोकळ्यांच्या रबराचा, म्हणजे ज्यात हवेच्या असंख्य बंद कुप्या आहेत असा; त्याचा मऊपणाही नेमलेला, शोअर मापकावर 15 अंश. अंगठ्याने दाबले तर तो दबतो आणि सोडल्यावर परत येतो, पण अगदी भुईला टेकेपर्यंत चेपत नाही, त्यामुळे पावलाच्या एकाच बिंदूवर येणारा भार आजूबाजूला पसरतो. खालचा थर मात्र कठीण, काटा आरपार येऊ नये असा. संपूर्ण चपलेत एकही खिळा नाही, सारे चिकटविलेले वा शिवलेले. कारण निघालेला खिळा त्या पावलाला कळणार नाही. अंगठा व शेजारचे बोट यांमध्ये येणारा बंद नाही, कारण तेथली नाजूक कातडी त्याने सोलली जाईल. टाचेमागे पट्टा आहे, कारण चप्पल पायातून निसटली तरी ज्याला समजत नाही त्याच्यासाठी ती निसटताच कामा नये. आणि पट्टे वेल्क्रोच्या चिकटपट्टीने लागतात, कारण ज्याच्या पायांची संवेदना गेली त्याच्या हातांची बोटेही पुष्कळदा वाकलेली असतात, बक्कल त्याला लावता येत नाही. या साध्या, किंचित ओबडधोबड वस्तूत एकही रेषा निष्कारण नाही. मी तर म्हणेन की पादत्राणरचना शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिलानच्या कोणत्याही प्रदर्शनातल्या नमुन्याआधी ही चप्पल अभ्यासास द्यावी. तिचे वैगुण्यही तेवढेच शिकण्यासारखे आहे: ती लांबूनच ओळखू येते, आणि ओळखू येते म्हणून कित्येक रुग्ण ती घालण्याचे टाळतात. तिला रूप देणे, जेणेकरून ती बाजारातल्या इतर चपलांत मिसळून जाईल आणि तिचा गुण यत्किंचितही कमी होणार नाही, हे निव्वळ सौंदर्यदृष्टीचे काम आहे. आणि सौंदर्यदृष्टी ही चैनीची बाब आहे असे मानणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरे व्हावे.

जयपूर येथे 1968 साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टर रामचंद्र शर्मा या कारागिराने मिळून जे कृत्रिम पाऊल घडविले त्याची कथाही याच जातीची आहे. परदेशी कृत्रिम पाऊल बूट घालून चालण्यासाठी केलेले होते. आपला शेतकरी अनवाणी चालणार, उकिडवा बसणार, ओल्या रानात उतरणार. रबराचे, घोट्यात सर्व बाजूंनी वळणारे, पावसापाण्यात टिकणारे ते पाऊल शस्त्रवैद्याच्या ज्ञानातून जितके निघाले तितकेच अल्पशिक्षित कारागिराच्या हातातून निघाले. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्रांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ही उणीव केवळ त्या एका प्रकरणापुरती नाही.

चामड्याचे काम करणाऱ्या हातांना आपल्या समाजाने शतकानुशतके अस्पृश्य ठरविले, त्यांच्या हातची वहाण मात्र देवळाच्या पायरीपर्यंत घालून नेली. त्या हातांत जी विद्या साठली होती तिला कोणी विद्या म्हटले नाही. कोल्हापुरी वहाणेचेच पाहा. म्हशीच्या कातड्याचा तळ, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून कमावलेला; रापीने कापलेला, आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने शिवलेला; त्यावर दोन बाजूंचे कान, अंगठा, वेणी, पट्टा. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे तिचे वाण आहेत. वनस्पतींच्या कषायद्रव्याने कमावलेले चामडे घाम शोषते आणि वापरता वापरता पावलाचा आकार घेते. क्रोमियमच्या क्षारांनी एका दिवसात कमावलेले चामडे अधिक मऊ, पण हा गुण त्यात उतरत नाही. ज्या हिरड्यावर हे सारे अवलंबून, तो हिरडा गडचिरोलीच्या जंगलात गोळा होतो, गौण वनोपज म्हणून पोत्यांनी विकला जातो, आणि गोळा करणाऱ्याला तो पुढे कोठे जातो, त्यात तुरटपणा आणणारे द्रव्य चामड्याला काय करते, हे कोणी सांगितलेले नसते. ऐनाच्या सालीतही तेच कषायद्रव्य आहे, आणि ऐन तर येथे पावलोपावली.

कोल्हापुरी वहाणेला 2019 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथील सादरीकरणात तिच्याशी हुबेहूब मिळणारी पादत्राणे मूळ कारागिरांचा उल्लेख न करता दाखविली. महाराष्ट्रातून प्रखर निषेध झाला, पेढीने त्यांमागची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, जे 1974 साली स्थापन झाले, आणि कर्नाटकाचे समधर्मी महामंडळ यांच्याशी तिचा करार झाला. त्यानुसार 2,000 जोड या कारागिरांच्या सहकार्याने घडवून, एका जोडाला सुमारे 800 युरो किमतीने, विकण्याचे ठरले. या प्रकरणाने एक गोष्ट उघड केली. वस्तू तीच, चामडे तेच, वेणी तीच. परंतु आराखड्यावर सही करणारा आणि रापी धरणारा यांच्यामधल्या दरीत मोबदल्याचा फार मोठा भाग नाहीसा होतो. नव्या रचनाकाराने या दरीच्या कोणत्या काठावर उभे राहावयाचे, हा प्रश्न त्याला अभ्यासक्रमात कोणी विचारणार नाही; त्याने तो स्वतःला विचारावा.

अभ्यासक्रमाविषयी आता थोडक्यात. देशातील मुख्य संस्था म्हणजे फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट; 1986 साली नोएडा येथे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ती काढली आणि 2017 च्या अधिनियमाने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिच्या शाखांपैकी छिंदवाडा आणि हैदराबाद या आपल्याला जवळच्या. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करता येतो. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या काही केंद्रांत चर्मरचनेची पदवी आहे. ज्याला इतकी वर्षे किंवा इतका खर्च झेपत नाही त्याच्यासाठी आग्रा व चेन्नई येथील केंद्रीय पादत्राण प्रशिक्षण संस्था आहेत, तेथे अल्प मुदतीचेही वर्ग चालतात. ज्याच्या घरी हे काम परंपरेने आहे त्याला 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, हत्यारांसाठी 15,000 रुपये आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळू शकते. पुढे नोकरी मिळते ती आग्रा, कानपूर, तमिळनाडूतील अंबूर-राणीपेट, बहादूरगड अशा ठिकाणच्या कारखान्यांत, आणि मुंबईतल्या चेंबूरच्या ठक्करबाप्पा वसाहतीसारख्या छोट्या कारखानदारांच्या वस्त्यांत. आरंभीची काही वर्षे बहुधा दुसऱ्याच्या रेखाटनावरून पुठ्ठे कापण्यात, मापांची चढउतार करण्यात, नमुना का बिघडला याचे टाचण लिहिण्यात जातात. ही वर्षे वाया गेली असे समजू नये. लंडनच्या कॉर्डवेनर्स महाविद्यालयातून 1983 साली बाहेर पडलेला जिमी चू हा मलेशियातील पेनांगच्या एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा होता, आणि बापाच्या हाताखाली बसून शिकलेले कामच त्याचे पहिले भांडवल होते.

प्रवेशाच्या मुलाखतीत विद्यार्थ्याच्या कामाची वही पाहतात. कुरखेड्याच्या विद्यार्थ्याने ती वही मासिकांतल्या उंच टाचांच्या चित्रांनी भरू नये. गावातल्या वीस-पंचवीस माणसांची पावले, म्हातारी, तरुण, गुराखी, रोवणारी, कागदावर ठेवून त्यांची रूपरेषा शिसपेन्सिलीने काढावी. लांबी, चवड्याचा घेर, कमानीची उंची मोजून शेजारी टिपावी, आणि त्या पायांत कोणती चप्पल आहे, तिचा तळ कोठे झिजला, बंद कोठे तुटला, दुरुस्त कसा केला, हे लिहावे. झिजलेला तळ हा चालण्याचा दस्तऐवज असतो: टाचेची बाहेरची कड झिजली तर ते बहुतेकांचे चालणे, आतली कड झिजली तर कमान बसलेली, अंगठ्याखाली भोक पडले तर चढउतारावर जोर देऊन चालणारा मनुष्य. मग यांपैकी कोणताही एकच प्रश्न घेऊन, जुने टायर, गोणपाट, सायकलच्या ट्यूबचे रबर अशा हाताशी असलेल्या जिनसांनी एक नमुना करावा आणि तो खरोखर कोणाच्या तरी पायांत घालून बांधीत नेऊन पाहावा. फसला तरी चालेल. का फसला हे लिहिलेले पान परीक्षकाला सुबक चित्रापेक्षा अधिक काही सांगेल.

आणि साधला, तर मात्र एक दक्षता घ्यावी. भौगोलिक निर्देशांक नावाचे आणि प्रदेशाचे रक्षण करतो, नव्या आकाराचे नव्हे. नव्या आकारासाठी 2000 सालचा अभिकल्प अधिनियम आहे. त्याखाली नोंद केली की दहा वर्षे, आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे, त्या रूपावर नोंद करणाऱ्याचा हक्क राहतो. पण त्याची अट अशी की नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी ती रचना कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी. म्हणून छायाचित्र काढून ते चारचौघांना पाठविण्याआधी अर्ज दाखल करावा. तळाचा साचा पोलादात कोरून घेणे हे खर्चाचे काम आहे आणि कारखानदार ते मोठ्या मागणीखेरीज करीत नाही. त्यामुळे पहिले शे-दोनशे जोड रबराच्या तयार पत्र्यातून कापून, हातानेच चिकटवून व शिवून करावे लागतील, आणि ते काम ज्याला येते असा माणूस रापी, आरी घेऊन बहुतेक प्रत्येक आठवडी बाजारात बसलेला असतो. अर्जावर संयुक्त अर्जदार म्हणून त्याचेही नाव घालता येते. कायद्याने त्यास कोणतीही आडकाठी नाही.